पायातला आवाज

एप्रिलातला शनिवार. आदल्या दिवशी उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) झालेला, दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण, ईस्टर. सोलापूरचं ऊन सकाळी नऊलाच चटके देत होतं. मी एका खासगी दवाखान्यात ड्रेसिंगला असते. मधुमेहाचे पाय हे माझं रोजचं काम.

मावशींना त्यांचा मुलगा दंडाला धरून घेऊन आला. वय सत्तरीच्या आसपास, उभं आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर गेलेलं, अठरा वर्षांची शुगर. उजव्या तळव्याला दोन मोठे फोड, त्यातला एक फुटलेला. शुक्रवारी बारा ते तीन येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांची उपासना झाली. बाहेर आल्या तर गर्दीत चपला सापडेनात. भर उन्हात शहाबादी फरशीवर पंधरा मिनिटं अनवाणी उभ्या राहून त्या चपला शोधत होत्या. घरी गेल्यावर सुनेने फरशीवर ओले ठसे पाहिले, तेव्हा कळलं.

"काहीच जाणवलं नाही?" मी विचारलं.

"पायाला नाही आणि मनालाही नाही," त्या म्हणाल्या. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल.

डोळे मिटायला सांगून मी मोनोफिलामेंट घेतलं. नायलॉनचा एक जाडसर तंतू असतो. तो पायावर टेकवून किंचित वाकेपर्यंत दाबायचा, तेवढा दाब दहा ग्रॅमचा. ज्याला तो कळत नाही, त्या पायाचं राखण गेलं असं समजायचं. अंगठा, करंगळीचं मूळ, चवडा, असं मी सात ठिकाणी टेकवलं. मावशी शांत. मग म्हणाल्या, "लाव की गं, कधीची डोळे मिटून बसलेय."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. तरी दर वेळी पोटात कालवतं.

फोड साफ करताना त्यांनी माझ्या गळ्यातला क्रूस पाहिला, आणि मग सगळं बाहेर आलं. त्यांच्या आजीचा बाप्तिस्मा अमेरिकन मराठी मिशनच्या काळातला. घरात तीन पिढ्यांची प्रार्थना. पण नवरा गेल्यापासून वर्षभर त्या प्रार्थनेला बसतात आणि आत काहीच हलत नाही. काल सातही उद्गार ऐकले, डोळ्यांत टिपूस नाही. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की मनात पाप दडलेलं असलं की असं होतं. त्या माणसाचा मला आजही राग येतो. मावशींनी योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय काढला. येशू द्राक्षवेल आणि आपण फाटे. वेलात न राहणारा फाटा बाहेर टाकला जातो, वाळतो, आगीत जातो. "मी तो फाटा आहे. तीन पिढ्यांचं माझ्यापाशी येऊन तुटलं."

माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. हात चालू ठेवले. डॉक्टरांनी डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकायची तपासणी, करायला सांगितलं होतं, म्हणून पायाच्या वरच्या बाजूला जेल लावून प्रोब टेकवला. आधी नुसती खरखर. थोडा सरकवला, कोन बदलला, आणि खोलीभर आवाज घुमला: शूप... शूप... शूप. भरघोस, नेटका. घोट्याच्या मागेही तसाच.

"हे काय?" मावशी दचकल्या.

"तुमचं रक्त. हृदयातून निघून इथवर येतंय."

"ह्या पायात? मेलेल्या?"

"मेलेला नाही मावशी. बधिर आहे. जाणिवेची नस वेगळी, रक्ताची वाट वेगळी. हा पाय भरून येणार." डॉक्टरांनीही तेच सांगितलं. भार द्यायचा नाही, रोज तळवा आरशात बघायचा, जखम भरेल. त्याच आठवड्यात माझ्याकडे दुसरे एक आजोबा होते. त्यांना वेदना इतक्या की रात्रभर झोप नाही, आणि डॉप्लरवर आवाज जवळजवळ नव्हता. जाणवण्याचा आणि रक्त पोचण्याचा हिशेब एक नाही, हे मला कामामुळे ठाऊक होतं. विश्वासाच्या बाबतीत मात्र मी स्वतः कित्येक वर्षं उलटंच धरून चालले होते. गाणी गाताना अंगावर काटा आला की ख्रिस्तामध्ये आहे, नाही आला की नाही.

बायबलमधला प्रेषित पौल 'ख्रिस्तामध्ये' हे शब्द पत्रापत्रांतून वापरतो, पण त्यात आपल्या मनाची नाडी बघत बसत नाही. कलस्सैकरांना तो लिहितो की तुमचं जीवन ख्रिस्ताबरोबर देवामध्ये गुप्त ठेवलेलं आहे. गुप्त, म्हणजे मला स्वतःलाही दिसेलच असं नाही. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात, बाप्तिस्म्यात आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो हे सांगून तो 'संयुक्त' म्हणतो. तिथल्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकत्र वाढलेले. नर्सिंगला शिकलेला सिम्फिसिस, दोन हाडं जिथे जुळतात तो सांधा, त्याच धातूतला. मीठ पाण्यात विरघळावं तसं हे नाही. फाटा फाटाच राहतो, पाय पायच राहतो, फक्त जगतो दुसऱ्याच्या जिवावर.

हे सगळं मी तिथे बोलले नाही. एवढंच विचारलं, "बाप्तिस्मा झाला तेव्हा तुम्ही केवढ्या होता?"

"तीन महिन्यांची."

"तेव्हा काय जाणवलं होतं?"

त्या पहिल्यांदा हसल्या. मग म्हणाल्या, "पण तो वाळलेला फाटा?"

"वाळलेला फाटा 'मी तुटलो' म्हणून तळमळत नाही, मावशी. तुम्ही वर्षभर तळमळताय. आणि त्याच अध्यायात पुढे येशू म्हणतो, तुम्ही मला निवडलं नाही, मी तुम्हाला निवडलं."

पायाचं उदाहरण एका जागी तुटतं, आणि ती जागा मला सगळ्यात जवळची आहे. मावशींचा पाय भाजत होता आणि डोक्याला पत्ता नव्हता. इथे तसं नाही. पौल आधी शौल होता, ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा. दिमिष्काच्या वाटेवर तो पडला, तेव्हा ज्यांना त्याने घराघरांतून ओढून तुरुंगात घातलं होतं ते सगळे मागे यरुशलेमेत होते. वरून येशूचा आवाज आला तो 'माझ्या लोकांचा' असा नाही. "माझा छळ का करतोस?" असा आला. आपण शरीर, ख्रिस्त मस्तक; पायाला कळो न कळो, त्या मस्तकाला कळतं. वर्षभर मावशींना जे जाणवलं नाही, ते कुणालाच जाणवलं नाही असं मी मानत नाही.

पट्टी बांधून झाली. रविवारच्या पहाटेच्या उपासनेला जाऊ का, म्हणून त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतील, असं मुलगा म्हणाला. मी ट्रॉली आवरायला घेतली, जेलची बाटली बंद केली.

"अगं," मावशींनी डावा पाय पुढे केला. "ह्याचंही ऐकव की."