टिनाच्या शेडमधलं सुतारकाम: आधी जमीन, मग वायर, मशीन शेवटी

बारा बाय अठरा फुटांची ट्रॅक्टरची शेड घरच्या सुतारकामाला पुरते. बहुतेक जण आधी टेबल सॉ (टेबलात बसवलेली मोटरची गोल करवत) विकत आणतात आणि मग तो ठेवायची जागा शोधतात. शेडखाली काळी माती असेल तर पहिला खर्च जमिनीवरच करा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावर थेट सिमेंट टाकलं तर काही पावसाळ्यांतच ते मधोमध उचलतं, तडकतं आणि त्यावरचं टेबल डगमगू लागतं. डगमगत्या टेबलावर रंधा सरळ चालत नाही, काटकोनही खरा येत नाही.

दीड ते दोन फूट माती काढून टाका. सहा-सहा इंचांच्या थरांनी मुरूम भरा, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मसनं (ठोकायच्या जड दांड्यानं) ठोका, वर चार इंच गिट्टीचं काँक्रीट (सिमेंट, रेती, गिट्टी १:२:४). जोतं अंगणापेक्षा निदान नऊ इंच वर ठेवा. पत्र्याचं पाणी भिंतीच्या बुडाशी मुरू देऊ नका. तिथली माती ओली-सुकी होत राहिली की काँक्रीटची कड सगळ्यात आधी हलते. फरशी आधीच झालेली असेल आणि फोडायची नसेल, तर टेबलाच्या पायांखाली लाकडी पाचरी ठेवून वर्षातून दोनदा लेव्हल घ्या. मिरगाचा पाऊस चांगला मुरला की एकदा, आणि मे महिन्यात एकदा.

मांडणीचा हिशेब सोपा आहे. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट आणि पलीकडे आठ फूट मोकळी जागा लागते. अठरा फुटांत हे कसंबसं बसतं आणि मग बाकी काहीच मावत नाही. म्हणून सॉ दारापासून सहा-सात फुटांवर असा ठेवा की पात्याची रेघ थेट दारातून बाहेर जाईल. चिरलेली फळी अंगणात निघते आणि मागची अर्धी शेड टेबलासाठी राहते. आठ बाय चारचा अख्खा प्लाय छोट्या सॉवर ढकलू नका. जमिनीवर चार रीपा टाकून त्यावर प्लाय ठेवा आणि हातातल्या सर्क्युलर करवतीनं आधी तुकडे पाडा.

कामाचं टेबल उत्तरेच्या खिडकीखाली ठेवा. सरळ उभं राहून हात खाली सोडल्यावर मनगट जिथं येतं तेवढी त्याची उंची, बहुतेकांना बत्तीस ते चौतीस इंच. पाय चार बाय चार इंचांचे, धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) वाळलेल्या बाभळीचे. बाभूळ जड आहे आणि टेबलाला वजनच हवं असतं. आपल्याकडचे वाढई (सुतार) जमिनीवर बसून पायानं लाकूड धरतात. वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि पटाशीच्या कामाला ती पद्धत आजही उत्तम आहे, तेव्हा चार बाय सहा फुटांचा तुकडा फरशीवरही मोकळा राखा.

आता वीज. बिघाड सगळ्यात जास्त इथंच होतात. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहा-अकरा अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या चार-पाच पट. घराच्या मीटरपासून शेड तीस मीटरवर असेल आणि अडीच एमएमची तांब्याची वायर टाकली असेल, तर जाऊन-येऊन साठ मीटर होतात. त्यांचा रोध ०.४४ ओहम. पंचेचाळीस अँपिअरला वीस व्होल्ट वायरीतच जातात. गावात ओलिताच्या दिवसांत आधीच १९० व्होल्ट येत असतील तर मोटरला १७० मिळतात. ती घुंघुं करते, वेग पकडत नाही, आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळतं. चार एमएमची वायर टाकली की तोटा बारा व्होल्टवर येतो. मल्टिमीटर भिंतीवर टांगून ठेवा. २०० च्या खाली व्होल्टेज असेल तर त्या वेळी हातरंध्याचं काम करा.

वायरीपेक्षाही महत्त्वाचा आहे स्विच. साधं बटण लावलेला सॉ चालू असताना लाइट गेली आणि अर्ध्या तासानं परत आली, तर पातं आपोआप फिरू लागतं. तेवढ्यात कुणी पात्यावरचा भुसा झाडत असेल तर बोटं जातात. मोटरपंपाला असतो तसा डीओएल स्टार्टर सिंगल फेजमध्ये मिळतो, तो लावा: लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत धरत नाही. पंपाला आपण लाइट आली की आपोआप सुरू करणारा ऑटो बसवतो, तसा ऑटो इथं चुकूनही बसवायचा नाही. शेडला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आणि वेगळं अर्थिंग द्या. मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका, कारण कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही. आणि शेतीपंपाच्या जोडणीवरून शेड चालवू नका. मंजूर कामाव्यतिरिक्त वीज वापरली की वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली आकारणी होते.

लाकूड. स्वतःच्या धुऱ्यावरचं असलं तरी साग, आंबा, मोह, बिजा, हळदू ही झाडं महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या यादीत आहेत. परवानगी घेऊनच तोडा आणि वाहतुकीचा पास जपून ठेवा. आरागिरणीवरून आलेल्या ओल्या फळ्यांची थप्पी जमिनीपासून फूटभर वर लावा. दोन थरांमध्ये पाऊण इंचाच्या पट्ट्या, दीड-दीड फुटांवर, वरपासून खालपर्यंत एकाच रेषेत. पट्टी सरकली की फळी तिथंच वाकते. टोकांना जुना ऑइलपेंट लावा, कारण लाकडातलं पाणी टोकांकडून सगळ्यात लवकर जातं आणि तिथंच फाटतं. एक इंची फळीला साधारण वर्ष धरा. एप्रिल-मेच्या गरम वाऱ्यात थप्पी तट्ट्यांनी झाका, नाहीतर वरचा थर आतल्यापेक्षा आधी सुकून बारीक चिरा पडतात.

लाकूड वाळलं म्हणजे हलायचं थांबलं असं नाही. उन्हाळ्यात त्यातला ओलावा पाच-सहा टक्क्यांवर येतो, श्रावणात चौदा-पंधराच्या पुढे जातो. सागाची दहा इंच रुंद आडवी चिरलेली फळी एवढ्या फरकानं चार ते पाच मिलिमीटर फुगते. मेमध्ये कपाटाच्या दाराची दिलई (चौकटीत बसणारी मधली फळी) खाचेत घट्ट बसवली तर ऑगस्टमध्ये ती चौकटीचे सांधे उघडते. उन्हाळ्यात केलेल्या कामाला दोन्ही बाजूंनी अडीच-तीन मिलिमीटर मोकळं सोडा आणि दिलईला डिंक अजिबात लावू नका. पावसाळ्यात केलेली दिलई मात्र खाचेत खोल जायला हवी, नाहीतर उन्हाळ्यात फट दिसते.

डिंकाचंही तसंच. टिनाखाली दुपारी चव्वेचाळीस अंशांत फेव्हिकॉलवर तीन-चार मिनिटांत साय धरते, कोरडं लाकूड त्यातलं पाणी ओढून घेतं आणि सांधा वरून चिकटलेला दिसूनही आतून पोकळ राहतो. उन्हाळ्यात जोडकाम सकाळी आठच्या आत करा. डबा शेडमध्ये ठेवू नका, घरात माठाजवळच्या गारव्यात ठेवा.

उदईसाठी (वाळवीसाठी) रॅक भिंतीपासून सहा इंच सुटी ठेवा, म्हणजे मातीची रेघ चढताना दिसते. फरशी आणि भिंतीच्या सांध्यात इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी लिटरला २.१ मिली या प्रमाणात, हातमोजे घालून, विहिरीपासून लांब. सागाचा पांढरा भाग उदई खाते, गाभ्याला सहसा हात लावत नाही. टेबलासाठी तो पांढरा भाग काढूनच वापरा.

पावसाळ्यात रंध्याचं पातं एका रात्रीत तांबतं. काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाचा फडका फिरवा, सॉच्या बिडाच्या टेबलावर मेणबत्ती घासून पुसून घ्या. पटाश्या लोहाराकडून गाडीच्या स्प्रिंग-पाट्याच्या करून घेतल्या तर बाजारातल्या स्वस्त पटाशीपेक्षा धार जास्त टिकते, फक्त धार घासताना वारंवार पाण्यात बुडवा. पातं निळं पडलं की तेवढ्या भागाचं पाणी (कडकपणा) गेलं.

सागाचा बारीक भुसा नाका-घशाला त्रास देतो, कातडीलाही खाज आणतो. पंखा समोरून मारण्यापेक्षा वारा जिकडे जातो त्या भिंतीत बारा इंची एक्झॉस्ट लावा आणि सँडिंग करताना एन-९५ मास्क घाला. तोंडाला बांधलेला दुपट्टा बारीक कण अडवत नाही.

शेवटी पॉलिश. आपल्याकडे जवस पिकतो, त्यामुळे घाणीवरचं तेल सहज हाताशी असतं. ते लाकडाला छान लागतं, पण सुकायला आठवडे घेतं आणि त्यावर धूळ बसते. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड तेल एक-दोन दिवसांत सुकतं. पातळ हात लावा, वीस मिनिटांनी सगळं पुसून काढा, असे तीन हात. धोका त्या पुसलेल्या चिंध्यांचा आहे. जवसाचं तेल सुकताना गरम होतं. गोळा करून कोपऱ्यात टाकलेली चिंधी काही तासांत ठिणगीशिवाय पेटू शकते, भुश्याच्या पोत्यात टाकली तर धोका आणखी वाढतो. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट पाहत कापूस याच शेडच्या अर्ध्या भागात भरलेला असतो. त्या महिन्यांत तेलाचं काम आणि सँडिंग अंगणात करा, मोटारसायकलचं पेट्रोल दुसरीकडे ठेवा. चिंध्या बाहेर तारेवर एकेक सुट्या वाळत घाला आणि पापडासारख्या कडक झाल्यावरच फेका.