लेबर रूमच्या संगणकावर फुल टेक्स्ट उघडेपर्यंत: सामायिक ई-ग्रंथालयाचा माझा अनुभव

सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, जमा करायची तारीख जवळ आली की पीजी, म्हणजे पदव्युत्तर विद्यार्थ्यांची गाइडच्या केबिनबाहेर रीघ लागते. मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र शिकवते. माझी एक रेसिडेंट एका विषयावर अगदी ठाम होती: रक्तक्षय असलेल्या बाईला बाळंत झाल्याबरोबर, रक्तस्राव सुरू होण्याआधीच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव रोखणारं औषध दिलं तर पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, टळेल का? प्रश्न लेबर रूममधूनच आलेला होता, म्हणून मला आवडला. पण सोबत जोडलेले संदर्भ म्हणजे थोडे ॲब्स्ट्रॅक्ट, जुन्या थीसिसमधून उतरवलेले परिच्छेद आणि ग्रुपवर कुणीतरी टाकलेल्या पीडीएफ. तिला म्हटलं, आधी दोघी मिळून नीट शोधू, मग विषय पक्का करू.

शोधायचं कुठे, हा प्रश्न आता सरकारी कॉलेजात तरी पडायला नको. परदेशी जर्नल्सच्या वर्गण्या एकेकट्या कॉलेजला झेपत नाहीत, म्हणून अनेक ग्रंथालयांनी मिळून त्या घ्यायच्या ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. वैद्यकासाठी दिल्लीच्या नॅशनल मेडिकल लायब्ररीने २००८ मध्ये एरमेड कन्सोर्शियम, म्हणजे ग्रंथालयांचा असा गट, सुरू केलं. वेगवेगळ्या मंत्रालयांची अशी दहा कन्सोर्शियम वेगवेगळी चालत होती. २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही सगळ्यांसाठी एकाच वर्गणीची योजना मंजूर केली आणि १ जानेवारी २०२५ पासून गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्रामार्फत ती सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था, सगळं एकाच करारात. यात जर्नल्स आहेत, पाठ्यपुस्तकं नाहीत. आणि खासगी कॉलेजांचा यात समावेश नाही, ही मला मोठी उणीव वाटते. रुग्ण तिथेही तेच असतात.

एवढं सगळं असताना आमच्या लेबर रूमशेजारच्या संगणकावर मात्र प्रकाशकाच्या पानावर तेच नेहमीचं कुलूप दिसायचं: लेख विकत घ्या. विभागातल्या बहुतेकांनी त्यावरून ‘आपल्याकडे हे जर्नल नाही’ असं ठरवून टाकलं होतं. मी रेसिडेंटला घेऊन ग्रंथालयात गेले, आणि तिथे तोच लेख पहिल्या क्लिकला उघडला.

ग्रंथपाल मॅडमनी कारण समजावलं. असा प्रवेश बहुतेक वेळा आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या आकडी ओळखीवर चालतो. कॉलेजने आपल्या इंटरनेटचे पत्ते कळवलेले असतात, त्या पत्त्यावरून आलेल्या प्रत्येकाला प्रकाशकाची वेबसाइट आपला माणूस समजते. त्यांनी एका कागदावर ग्रंथालयाच्या संगणकाचा पत्ता लिहून दिला आणि लेबर रूममधला पत्ता त्याखाली लिहून आणायला सांगितला. दोन्ही आकडे सुरुवातीपासूनच वेगळे निघाले. कॉलेजची इमारत एका जोडणीवर, रुग्णालयाची इमारत दुसऱ्या, नंतर घेतलेल्या जोडणीवर. नोंदणी झाली तेव्हा रुग्णालयाचा पत्ता कुणी कळवलाच नव्हता. म्हणजे ज्या इमारतीत रुग्ण होते, प्रश्न उभे राहत होते, ती इमारतच ग्रंथालयाच्या बाहेर होती.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण सरळ होतं. रुग्णालयाच्या जोडणीचा पत्ता कायमचा आहे का, म्हणजे स्टॅटिक आहे का, हे आयटीवाल्यांकडून लेखी घ्यायचं, डीन सरांच्या सहीचं पत्र जोडायचं आणि ग्रंथपालांमार्फत तो पत्ता नोंदणीत वाढवून घ्यायचा. फाइल मधल्या टेबलांवर रेंगाळली. शेवटी मी विभागाच्या वतीने एक पानाची टिपणी जोडली: कोणते पीजी, किती थीसिस, आठवड्याचा जर्नल क्लब, म्हणजे लेखांवर चर्चा करायची बैठक, कुठे होतो. त्यानंतर ती हलली. तुमच्या कॉलेजात ‘काही उघडत नाही’ अशी तक्रार असेल तर जर्नलला दोष देण्याआधी हे दोन आकडे ताडून पाहा.

घरून वाचायचं तर लॉगिन वेगळं. संस्थेच्या ईमेलवर नोंदणी झाली की प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ असा पर्याय निवडायचा, यादीतून आपलं कॉलेज शोधायचं आणि आपल्याच आयडीने आत जायचं. कॉलेजात बरेच जण खासगी ईमेल वापरतात, तिथेच गाडी अडते. संस्थेचा ईमेल सुरू करून घेणं ही पहिली पायरी. रात्रीच्या इमर्जन्सीनंतर घरी बसून शांतपणे एखादा लेख पूर्ण वाचता येणं मला फार मोलाचं वाटतं. दिवसा तेवढी सलग वेळ आम्हाला मिळत नाही.

आता खरा शोध. कन्सोर्शियम कुलूप काढून देतं, काय वाचायचं ते आपणच ठरवायचं असतं. म्हणून सुरुवात पबमेडपासून, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या मोफत शोधसूचीपासून. प्रश्नाचे चार तुकडे केले: रुग्ण कोण, उपचार काय, तुलना कशाशी, परिणाम कोणता. मग प्रत्येक तुकड्यासाठी आधी मेश, म्हणजे पबमेडची विषय-शीर्षकांची ठरीव यादी. एकाच गोष्टीला लेखक दहा नावं देतात, मेश त्यांना एका शीर्षकाखाली आणतं. पण केवळ मेशवर विसंबायचं नाही, कारण पबमेडमधल्या प्रत्येक नोंदीला मेश लागलेलं नसतं. म्हणून शीर्षक आणि ॲब्स्ट्रॅक्टमधले साधे शब्दही ‘ऑर’ने जोडले आणि तुकडे एकमेकांना ‘अँड’ने. रेसिडेंटला शब्दाच्या शेवटी तारांकन टाकायची सवय होती. तारांकन टाकलं की पबमेड स्वतःहून जे समानार्थी शब्द जुळवतं ते थांबतं, हे तिला ग्रंथपाल मॅडमनी तिथेच करून दाखवलं. दोन्ही शोधांचे आकडे शेजारी शेजारी पाहिल्यावर वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मिळालेल्या लेखांत कॉक्रनचे आढावे, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासून लिहिलेले लेख, आम्ही आधी पाहिले. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २००७ मध्ये कॉक्रन लायब्ररी संपूर्ण देशासाठी खुली केली, तेव्हापासून मी ती पाहत आले आहे. थीसिसचा विषय शोधणाऱ्याने पहिली खिडकी हीच उघडावी असं माझं मत आहे. आपल्या प्रश्नावर आधीच किती काम झालं आहे हे तिथे लवकर कळतं.

आणि मग वाचन. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडवर बोलायचं तर ‘वुमन’ ट्रायल, म्हणजे या औषधाची मोठी चाचणी, टाळता येत नाही: २०१७, लॅन्सेट जर्नल, २१ देशांतल्या, पीपीएच झालेल्या २०,०६० स्त्रिया. हा लेख तसा सगळ्यांना खुला आहे, कन्सोर्शियम लागत नाही. पण आमच्याकडे तोही कुणी पूर्ण वाचलेला नव्हता. सगळ्यांना पाठ असतं ते एवढंच: रक्तस्रावाने होणारे मृत्यू १.९ टक्क्यांवरून १.५ टक्क्यांवर आले, तीन तासांच्या आत दिलं तर फायदा जास्त. आत वाचलं की दिसतं, मृत्यू किंवा गर्भाशय काढावं लागणं असा जो मूळ एकत्रित निष्कर्ष ठरवला होता, त्यात फरक पडलेला नाही. का, तेही लेखकांनी लिहिलं आहे: गर्भाशय काढायचा निर्णय पुष्कळदा रुग्ण ट्रायलमध्ये घेतानाच झालेला असायचा, औषधाला त्यावर परिणाम करायला वावच नव्हता. म्हणून मध्येच स्त्रियांची संख्या १५ हजारांवरून २० हजारांवर नेली. ट्रायल कशी विचार करत पुढे गेली हे त्या पानांत कळतं, आणि थीसिस करणाऱ्या मुलीला नेमकं तेच शिकायचं असतं.

हे झालं उपचाराचं. तिचा प्रश्न प्रतिबंधाचा होता, आणि त्याचं उत्तर २०२३ मध्येच आलेलं होतं. ‘वुमन-२’ ट्रायल: हिमोग्लोबिन १० च्या खाली असलेल्या १५,०६८ स्त्रिया, चार देश, नाळ बांधल्यावर पंधरा मिनिटांत ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड किंवा प्लासिबो, म्हणजे औषध नसलेला दिखाऊ डोस. पीपीएच औषधाच्या गटात ७ टक्के, प्लासिबोच्या गटात ६.६. फरक नाही.

ती गप्प झाली. विषय हातातून गेला असं तिला वाटलं. मला मात्र आनंद झाला, कारण पंधरा हजार बायकांवर ज्याचं उत्तर मिळालं आहे तेच आम्ही शे-दोनशे बायकांवर पुन्हा विचारलं असतं, आणि त्या बायकांना विनाकारण अभ्यासात ओढलं असतं. एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी गाइडने करायचं पहिलं काम हेच आहे.

‘यासारखे लेख’ आणि ‘याचा संदर्भ देणारे लेख’ या दोन वाटांनी आम्ही पुढे गेलो आणि ‘ई-मोटिव्ह’ ट्रायलपाशी पोचलो. न्यू इंग्लंड जर्नल, २०२३, चार आफ्रिकी देशांतली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक प्रसूती. तिथे नवं औषध कोणतंच नव्हतं. बाईखाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावायची, रक्त मोजायचं आणि ठरलेले उपचार एकत्र, ताबडतोब सुरू करायचे. पीपीएच वेळेवर ओळखलं जाण्याचं प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांवरून ९३ टक्क्यांवर गेलं. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, हे मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ वर आलं. हे वाचून आमच्या लेबर रूमकडे पाहायची माझीच नजर बदलली. आम्ही रक्त डोळ्यांनी मोजतो. ‘साधारण तीनशे असेल’ असं म्हणतो आणि तेच केसपेपरवर उतरतं.

रेसिडेंटचा विषय तिथेच ठरला: रक्तक्षय असलेल्या स्त्रियांमध्ये डोळ्यांनी केलेला अंदाज आणि पिशवीत मोजलेलं रक्त यांत किती तफावत पडते. प्रश्न तिच्याच लेबर रूमचा राहिला, आणि आमच्याकडे आजवर कुणी न मोजलेला.

संदर्भ तिने झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले. ते मोफत आहे, आणि मागे घेतलेला लेख यादीत असेल तर लाल पट्टी दाखवून सावध करतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला लेख २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, पण त्याची पीडीएफ ज्यांच्या संगणकात उतरली होती त्यांच्याकडे ती तशीच राहिली. म्हणून जुन्या फोल्डरमधली पीडीएफ वापरण्यापेक्षा लेख दरवेळी प्रकाशकाच्या पानावर जाऊन उघडावा, असा माझा आग्रह असतो.

सामायिक असण्याची दुसरी बाजू आम्हाला लवकरच कळली. एका विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर लावून एका जर्नलचे अंकच्या अंक उतरवायला घेतले. प्रकाशकाने आमच्या कॉलेजचा पत्ताच बंद केला. त्या काळात कुणालाच त्या प्रकाशकाचा लेख उघडेना, आणि ग्रंथपाल मॅडम खुलासे लिहीत बसल्या. करारात घाऊक डाउनलोडला मनाई असते. लागेल तो लेख उतरवा, वाचा, पुढचा उतरवा. स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याला देणंही त्याच कारणाने चुकीचं. नियम जाचक वाटला तरी एकाच्या घाईची किंमत शेकडो जणांनी मोजावी हे मला पटत नाही.

अनधिकृत साइटवरून लेख घेणाऱ्या पीजींनाही मी एक गोष्ट समजावून सांगते. प्रकाशक प्रत्येक संस्थेच्या वापराची आकडेवारी काउंटर नावाच्या ठरलेल्या नमुन्यात देतात. किती लेख उघडले ते त्यात येतं, आणि किती वेळा कुलूप लागून माणूस परत गेला तेही येतं. पुढच्या करारात काय ठेवायचं, काय नवं घ्यायचं याची चर्चा होते तेव्हा हेच आकडे टेबलावर असतात. बाहेरून घेतलेला लेख त्या आकड्यांत दिसत नाही. आपल्या विभागाला जे जर्नल हवं आहे ते अधिकृत वाटेने मागून, नकार आला तरी, मागणीची नोंद ठेवलेली बरी. ग्रंथपाल मॅडमनी आमच्या कॉलेजचे आकडे दाखवले तेव्हा क्लिनिकल, म्हणजे रुग्ण पाहणाऱ्या विभागांचा वापर प्री-क्लिनिकल, म्हणजे रुग्ण न पाहणाऱ्या विभागांपेक्षा बराच कमी होता. रुग्णालयाचा पत्ता जोडलेला नसणं हे त्याचं मोठं कारण, असं मला वाटतं.

आता जर्नल क्लब लेबर रूमशेजारच्या खोलीतच होतो, लेख तिथल्या तिथे पडद्यावर उघडून. सादर करणाऱ्याने शोधाची नीट लिहिलेली ओळ आधी दाखवायची, म्हणजे कोणते शब्द, कसे जोडले, मग लेखाकडे वळायचं, असा नियम केला आहे. पबमेडवर तो शोध जतन करून ठेवला की नवे लेख ईमेलने येत राहतात. थीसिस सादर करताना ‘गेल्या दोन वर्षांत काय आलं?’ असं परीक्षकाने विचारलं तर धावपळ होत नाही.

एक काम अजून बाकी आहे. पिशवी लावायची, रक्त मोजायचं आणि पहिली हाक द्यायची ती आमच्या स्टाफ सिस्टर्सनी. ई-मोटिव्हमध्येही मदार दाईंवर आणि परिचारिकांवरच होती. त्यांच्याकडे संस्थेचा ईमेल नाही, म्हणून स्वतःचं लॉगिनही नाही. त्यांना ईमेल मिळावा असं पत्र मी विभागातर्फे दिलं आहे, ग्रंथपाल मॅडमनी त्याला आपली शिफारस जोडली आहे, आणि मेट्रन मॅडम नावांची यादी करत आहेत.