लाल दिवा, गाल आणि हनुवटीखालची चरबी: आतापर्यंतची नोंद

लाल दिव्याने चेहऱ्याची चरबी उतरते असा दावा विक्रेते करतात, तो मी स्वतःवर तपासून बघतेय. सेटअप गेल्या नोंदीतलाच. टेबलावर उभं राहणारं छोटं पॅनल, अर्धे एलईडी 660 नॅनोमीटर तरंगलांबीचे (लाल) आणि अर्धे 850 चे (अवरक्त). डोळ्यांवर गॉगल, चेहरा कोरा, क्रीम-बिम नंतर. नवं पॅनल घेणाऱ्यांनो, 850 वाले दिवे डोळ्यांना जवळपास दिसतच नाहीत, त्यामुळे ‘अर्धे दिवे उडालेत’ म्हणून लगेच परत पाठवू नका. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा समोर धरा. फिकट जांभळे ठिपके दिसले की समजा चालू आहेत.

खोक्यावर 100 मिलीवॅट प्रति चौरस सेंटीमीटर लिहिलंय. असे आकडे बऱ्याचदा सोलर मीटरने मोजलेले असतात. ते मीटर सूर्यप्रकाशासाठी बनवलेलं, लाल एलईडीसमोर ते फुगवून आकडा दाखवतं. म्हणून मी सरळ निम्मं धरते. 50 मिलीवॅटने दहा मिनिटं म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 30 ज्यूल. चेहऱ्याला तेवढं रग्गड. या प्रकाशाचा डोस वाढवला की फायदाही वाढतो असं नाही, एका मर्यादेनंतर तो उलट घटतो.

आता निकाल. त्वचा खरंच बरी दिसतेय. गालांवरचा खरखरीतपणा कमी झालाय, मुरमं गेल्यावर राहणारी लाली लवकर उतरते. यात नवल नाही. 2014 साली जर्मनीत झालेल्या चाचणीत त्वचेचा पोत आणि अल्ट्रासाउंडवर दिसणारी कोलॅजनची घनता, दोन्ही सुधारल्याचं आढळलं होतं.

जॉलाइन, म्हणजे जबड्याची कडा, मात्र जिथल्या तिथे.

मोजते कसं, ते सांगते. शिंप्याची टेप हनुवटीखाली वळताना दुमडते, म्हणून शिवणाचा दोरा वापरते. एका कानाच्या पाळीखालून हनुवटीखालून दुसऱ्या पाळीपर्यंत, पेनाने खूण, मग दोरा पट्टीवर. सकाळी उठल्या उठल्या आणि संध्याकाळी घेतलेल्या मापांतच काही मिलीमीटर फरक पडतो. आदल्या रात्री पापड-लोणचं झालं असेल तर विचारूच नका. माझी जी काही ‘घट’ आहे ती याच चढउतारात आरामात बसते. फोटोंवर तर माझा काडीचा विश्वास नाही: हनुवटी जराशी पुढे काढा, दिवा थोडा वर न्या, जॉलाइन फुकटात मिळते. विक्रेत्यांचे आधी-नंतरचे फोटो बघताना आधी मानेचा कोन बघा.

चरबीचा दावा आला कुठून? 2002 मध्ये नेइरा आणि सहकाऱ्यांनी 635 नॅनोमीटरच्या लेझरखाली चरबीच्या पेशींना तात्पुरती छिद्रं पडून आतला मेद बाहेर येतो, असं मांडलं. 2004 मध्ये दुसऱ्या गटाला तसं काही दिसलं नाही. मग 2009 ची चाचणी: 67 जण, दोन आठवडे, सहा सेशन. कंबर, नितंब आणि दोन्ही मांड्या मिळून सरासरी 3.51 इंच घट, खोटा लेझर लावलेल्यांत 0.68 इंच. आकडा भारी वाटतो, पण ती चार मापांची बेरीज आहे, आणि चेहरा त्यात कुठेच नाही. शिवाय पेशीतून मेद सुटलाच, तरी तो शरीराने जाळायला हवा, नाहीतर परत कुठेतरी साठणारच.

त्यात चेहऱ्याची गंमत अशी, की गालाचा भरीवपणा बराचसा खोलवरच्या चरबीच्या गोळ्यामुळे असतो आणि जबड्याची रुंदी चावायच्या स्नायूमुळे. त्यांच्यापुढे टेबलावरच्या पॅनलचं काय चालणार! क्लिनिकमधला 1060 नॅनोमीटरचा लेझर हनुवटीखाली चालतो तो उष्णतेने पेशी मारून. त्याचे निकाल दाखवून घरगुती लाल दिवे विकणं ही निव्वळ चलाखी आहे.

सावळ्या त्वचेच्या मंडळींनी हे वाचाच. अमेरिकेतल्या सुरक्षिततेच्या चाचण्यांत सावळ्या-काळ्या त्वचेची सहनमर्यादा दर चौरस सेंटीमीटरला 320 ज्यूल निघाली, गोऱ्यांची 480. घरचा डोस यापेक्षा खूपच कमी, पण ‘एलईडी आहे, कितीही घ्या’ हे आपल्याला लागू नाही. वांग असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना विचारा.

पुढचा प्रयोग अर्ध्या चेहऱ्याचा. उजवीकडे दिवा, डावीकडे काळं जाड कापड, दोरा हनुवटीच्या मध्यापासून दोन्ही पाळ्यांपर्यंत वेगवेगळा. मीठ, झोप, वजन दोन्ही बाजूंना सारखंच, त्यामुळे पळवाट उरत नाही. माप घरातलं दुसरं कुणी घेईल, कोणती बाजू दिव्याची हे त्याला न सांगता. माझ्या जोडीने तुम्हीही करणार असाल तर माप सकाळीच घ्या, चहाच्या आधी.