नद्यांची वही: मिरज ते निजामुद्दीन आणि परत

मंडळी, गाडीतनं ओलांडलेल्या नद्यांची मी वही ठेवतो, तीत ५ नद्या वाढल्या. मागच्या आठवड्यात गोवा एक्सप्रेसनं मिरजेहून दिल्लीच्या निजामुद्दीनला जाऊन आलो. नियम तोच, जागेपणी डोळ्यानं बघितली तरच नदी धरायची, त्यामुळं नीरा रात्रीत गेली ती धरली नाही.

या वेळी नवा कॉलम घातलाय, पाणी कुठल्या हाताला वाहतंय. आम्हा सांगलीकरांना कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर जाऊन पाणी किती फूट चढलं ते बघायची सवय, पण गाडीतनं वाहतं कुठं हे मी कधी नीट बघितलंच नव्हतं. दौंड सुटल्यावर भीमा, पाणी उजवीकडं, म्हणजे पुढं आपल्याच कृष्णेला मिळणारं. कोपरगावला गोदावरी, तीपण उजवीकडंच. मग भुसावळ सोडलं, तापी आली, मी डाव्या खिडकीत होतो आणि जलपर्णीचा एक पुंजका पुलाखालनं बाहेर येऊन लांब लांब जायला लागला. पाणी डावीकडं! तापी-नर्मदा खचदरीतनं पश्चिमेला जातात हे शाळेपासनं पाठ आहे, पण बघताना अंगावर काटा आला खरंच.

बऱ्हाणपूर, असीरगडची खिंड, सातपुडा मागं पडला. इटारसीनंतर नर्मदापुरमच्या पुलावर दिवस मावळत होता, खंडव्याला चढलेल्या आजी उभ्या राहिल्या, "नर्मदे हर" म्हणाल्या आणि पदराच्या गाठीतनं नाणं काढून खिडकीबाहेर टाकलं, ते गर्डरला ठण्णकन लागून खाली गेलं. मीपण हात जोडले. पाणी डावीकडं, अंधुक पण दिसलं, धरली.

चंबळ जाताना झोपेत गेली, ती परतीला धौलपूर-मुरैनाच्या मधे संध्याकाळच्या उन्हात मिळाली, दोन्हीकडं मातीच्या घळीच घळी. पाणी डावीकडं लिहिलं आणि मग लक्षात आलं की आता गाडीचं तोंड दक्षिणेला आहे, म्हणजे हे पूर्वेला चाललंय, यमुनेकडं. तेव्हापासनं गाडीची दिशापण लिहितो. यमुना मात्र कोरीच राहिली, आग्रा-मथुरा-निजामुद्दीन ही लाईन तिच्या पश्चिम काठानंच जाते, ओलांडत नाही.

दिवाळीला गुवाहाटी ठरवतोय, १९६२ चा सरायघाट पूल, ब्रह्मपुत्रेवरचा आपल्याकडचा पहिला. दिवसाउजेडी तो ओलांडणारी गाडी कुणी केली असेल तर सांगा. गुवाहाटीकडं जाताना पाणी उजवीकडं वाहणार, म्हणून उजवी खिडकी घ्यायची असं माझं गणित आहे.