नदीचं नाव विचारत पंढरपूरपर्यंत

वारीला चालले म्हटल्यावर ऑफिसात सगळ्यांनी एकच विचारलं, अगं तू एवढी देवभक्त कधी झालीस? पण मला वारीत नेलं ते अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आणि तेसुद्धा वारीचा विषय कधीही न काढता. लहानपणी त्यांनी एसटीतून जे फिरवलं ना आम्हाला, त्यातूनच हे सगळं आलंय.

आम्ही साताऱ्याचे. अण्णा पोस्टात, पगार बेताचा, पण मे महिना आला की ट्रिप ठरलेली. नरसोबाची वाडी, कराड, पैठण, गंगाखेड, नाशिक, जिथे एसटी जाईल तिथे. सोबत होल्डॉल, फिरकीचा तांब्या, आईने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मुक्काम धर्मशाळेत नाहीतर कुणाच्या तरी ओळखीच्याच्या ओसरीवर. हॉटेलात राहिल्याचं मला आठवतच नाही. प्रवासात अण्णांचा एक नियम होता, पूल आला की नदीचं नाव सांगायचं. आणि नाही आलं तर पाटी बघायची नाही, शेजारी बसलेल्या माणसाला विचारायचं. ते म्हणायचे, "पाटी नाव सांगेल बाळ, माणूस पुढचं सांगेल." आणि खरंच सांगायचे लोक. कुणी पुराचं सांगायचं, कुणी धरणात गेलेल्या गावाचं, एका आजीने तर ती लग्न होऊन होडीतून सासरी कशी आली ते सगळं सांगितलं आणि आमचा स्टॉप आला तरी तिचं संपेना. आई एका वहीत लिहून ठेवायची, नदी कुठली, निघते कुठून, कुणाला मिळते. कराडला प्रीतिसंगमावर कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात तिथे अण्णांनी आम्हा भावंडांना उन्हात किती तरी वेळ उभं केलं होतं, नुसतं बघा म्हणून.

पुढे नोकरी लागल्यावर मी जिथे जिथे गेले तिथे आधी नदी गाठली. तळकावेरीला गेले, ओंकारेश्वरला गेले, माजुलीच्या फेरीत ब्रह्मपुत्रेवर तास दीड तास काढला. अनोळखी माणसाशी बोलायची भीती मला कधी वाटली नाही ती त्या एसटीतल्या सवयीमुळे. त्यामुळे साधारण 250 किलोमीटर चालायचं आणि सोबत लाखो अनोळखी माणसं, हे ऐकूनच मला वारीला जावंसं वाटायचं. या वर्षी रजा मिळाली, ओळखीतून एका दिंडीत नाव घातलं, भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरली आणि आळंदीला पोचले. अण्णांचे गुडघे आता साथ देत नाहीत, ते घरीच, पण रोज संध्याकाळी फोन ठरलेला. पहिला प्रश्न पाय दुखतायत का हा नाही. "आज कुठली?"

आळंदीची इंद्रायणी बघून मात्र जीव तुटला. घाटावर पांढरा फेस वाहत होता, साबणासारखा, आणि त्यातच लोक श्रद्धेने बुडी मारत होते. माउलींच्या दारातली नदी अशी ठेवतो आपण, याचा मला फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही. अण्णांना फोनवर फेसाचं सांगितलं तर ते जरा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "आणि जाते कुठे?" म्हटलं तुळापूरला, भीमेत. पुण्यात मुळा-मुठा. ती रांजणगाव सांडसला परत भीमेतच.

पुणे ते सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा, तीसेक किलोमीटर, आणि वर एकादशी, म्हणजे राजगिऱ्याचा लाडू, केळं आणि चहा यावर दिवे घाट चढायचा. रथाला जादा बैलजोड्या लावलेल्या, वरून बघितलं तर सगळा घाट पताकांनी भरलेला, आणि टाळांचा आवाज एका वळणावरून दुसऱ्या वळणावर चढत जातो. तिथे माझ्या शेजारी दिंडीतल्या एक मावशी चालत होत्या, परभणी जिल्ह्यातल्या, सेलूकडच्या. डोक्यावर तुळस, एक हात वर धरलेला आणि दुसऱ्या हातात चप्पल, कारण चप्पल घालून तुळस घेत नाहीत म्हणे. मी सवयीप्रमाणे विचारलं, मावशी तुमच्या गावाला नदी कुठली? त्या म्हणाल्या, "दुधना हाय माय. पर पाऊस आला तरच." मग सगळं सांगितलं, पेरणी अर्धी झालीय, पोरगा करील बाकीची, चार वर्षं पाऊस नव्हता तेव्हाही आल्या होत्या, वारी चुकवली नाही. मी विचारलं घरचे काही म्हणत नाहीत का, तर त्या नुसत्या चालत राहिल्या.

मला जे सगळ्यात जास्त आवडलं ते सांगते. या मावशी प्रत्येक नदीचं ओंजळभर पाणी त्या तुळशीच्या कुंडीत घालायच्या. सासवडला सोपानकाकांच्या समाधीपाशी कऱ्हेचं घातलं, तेवढंसंच होतं पाणी. जेजुरीत सगळी दिंडी भंडाऱ्याने पिवळी झाली, वाल्हे झालं, आणि मग नीरा. इथे दत्तघाटावर माउलींच्या पादुकांना नदीत स्नान घालतात आणि पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो. माझा जिल्हा! गर्दीत मावशींना खाली उतरता येईना, मग मी तांब्या घेऊन गेले, भरून आणला, त्यांनी डोक्यावरून कुंडी खाली घेतली, बोटाने माती जरा मोकळी केली आणि हळूहळू पाणी सोडलं. मातीत मुरेपर्यंत बघत होत्या. मग उरलेलं स्वतः प्यायल्या आणि मला दिलं.

तिथे पुलावर उभी असताना माझ्या लक्षात आलं. कऱ्हा नीरेला मिळते सोनगावला, नीरा पुढे नरसिंहपूरला भीमेला मिळते, इंद्रायणी आणि मुळा-मुठा आधीच भीमेत गेल्यात. म्हणजे आम्ही ओलांडलेली प्रत्येक नदी आमच्या आधी पंढरपुरात पोचणार होती, चंद्रभागा होऊन. मध्ये उजनी धरणात अडते थोडं पाणी, पण वारीला तिथूनही सोडतात. मी लगेच अण्णांना फोन लावला, टाळमृदंगात त्यांना काही ऐकू जाईना, दोनदा ओरडून सांगितलं. मग म्हणाले, "आता बघ, मी हेच सांगायचं थांबलो होतो." म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि लगेच हैबतबाबांचं काढलं, की सोहळ्याला आजची शिस्त ज्यांनी लावली ते हैबतबाबा आपल्या आरफळचे, साताऱ्याचे, हे विसरू नकोस. पंधरा मिनिटं तेच.

लोणंदला माझा भाऊ माझ्या मुलीला घेऊन आला, शनिवार-रविवार जोडून. तिला चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघायला मिळालं. दोन्ही बाजूंना दिंड्या, मधून आधी स्वाराचा घोडा आणि मागे माउलींचा अश्व, ज्याच्यावर कुणीच बसलेलं नसतं, तो रिकामा घोडा असा काही धावतो की अंगावर काटा येतो. घोडे गेल्यावर लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले, हीपण धावली. तरडगावच्या पुढे रस्त्याजवळ पाणी दिसलं तर विचारते, आई ही कुठली नदी? मी म्हटलं मला नको विचारू. मग तिने बांधावर पाण्याचे जार घेऊन उभ्या असलेल्या एका काकांना विचारलं. ते म्हणाले, "नदी नाही माउली, नीरेचा उजवा कालवा. वीर धरणाचं पाणी. याच्यावरच आमचा ऊस." आणि मग कालव्याच्या पाण्याची पाळी कशी मिळते, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचत नाही म्हणून कशी भांडणं होतात, सगळं त्या अकरा वर्षांच्या पोरीला नीट समजावून सांगितलं, ग्लास भरून दिला आणि परत येशील तेव्हा घरी ये म्हणाले. रात्री फोनवर आजोबा आणि नात कितीतरी वेळ बोलत होते, माझ्या हातात फोन आलाच नाही.

फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर. यातलं काय काय सांगू. पहाटे अंधारात टँकरच्या रांगा, चालून चालून पायांना आलेले फोड आणि त्यात सुईने दोरा ओवून देणारे दिंडीतले काका, संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला की एवढा मोठा तळ एका क्षणात गप्प होतो ते. हा गप्प होणं प्रकार एकदा तरी अनुभवा असं मी सगळ्यांना सांगत असते.

वाखरीहून पुढे गर्दी एवढी की चालणं म्हणजे सरकणं. चंद्रभागेत उतरलो तेव्हा मावशींनी कुंडी पाण्याच्या काठाशी टेकवली. मी त्यांना नद्यांचं सांगितलं, की ह्या सगळ्या इथे आल्यात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमची दुधना?" मला खोटं बोलवेना. म्हटलं ती पूर्णेला मिळते मावशी, मग गोदावरीला, इकडे येत नाही. "मंग तिचं मीच आणलंय की," म्हणाल्या, आणि कुंडीतल्या मातीकडे बोट दाखवलं. ती माती त्यांच्या शेतातली होती. कळसाचं दर्शन घेतलं, पदस्पर्शाची रांग फारच लांब होती, मावशी लागल्या रांगेत, मी नाही.

पुढच्या वर्षी देहूची पालखी करायची आहे. त्या वाटेवर सराटीला तुकोबांच्या पादुकांना नीरेत स्नान असतं आणि तिथून नीरा-भीमेचा संगम लांब नाही. अण्णांना गाडीने थेट नरसिंहपूरला आणायचं भावाने कबूल केलंय, मुलीची शाळा बुडेल पण बुडू दे. रजेचा अर्ज या वेळी जानेवारीतच टाकणार आहे.