देवगिरीचा सातबारा

दौलताबादला गाईडचं काम करणाऱ्याला कोण काय विचारणार हे तिकीट खिडकीपाशीच कळून येतं. शाळेची सहल असली की खंदकातल्या मगरी. कॉलेजची पोरं असली की अंधारी नावाची भुयारवाट आणि उकळतं तेल. नवीन जोडपं असलं की फोटो कुठून चांगला येतो. दिवाळीनंतरच्या एका सकाळी मात्र धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ लेक आणि नातवासोबत आले. महाकोटाच्या दरवाज्यात मी सुरुवात करतो न करतो तोच त्यांनी विचारलं, "मूळ कब्जेदार कोण?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. लेक म्हणाली, "अण्णा तलाठी होते. परांड्याकडं उभी नोकरी झाली. मनावर घेऊ नका." म्हणजे भाऊसाहेब. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली, पट्टी नसताना सरळ रेघा मारल्या आणि वर रकाने लिहिले: साल, नवा कब्जेदार, कब्जा कशानं आला, शेरा. फेरफाराचं रजिस्टरच. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "हं, सांगा गाईडसाहेब. दंतकथा नको. नोंद होईल तेवढंच सांगा."

सांगितलं. भिल्लम यादव, पाचवा. चालुक्यांचं मांडलिकपण झुगारून त्यानं बाराव्या शतकाच्या अखेरीस, साधारण ११८७ च्या सुमारास, इथं राजधानी केली. कशानं आला? "स्वसंपादित," असं तेच पुटपुटले आणि लिहूनही टाकलं.

पुढचा माणूस रामदेवराय. ज्ञानेश्वरीच्या शेवटी ज्याचं नाव येतं तोच राजा, आणि हेमाडपंत त्याचाच श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. १२९६ मध्ये कडा-माणिकपूरचा सुभेदार अल्लाउद्दीन खलजी, सुलतान असलेल्या आपल्या काकाला न सांगता, इथवर आला. यादवांचं मुख्य सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होतं. रामदेवराय किल्ल्यात शिरला. घाईत व्यापाऱ्यांची पोती आत ओढून घेतली होती, ती धान्याची म्हणून. उघडली तर मीठ. शंकरदेव परत येऊन लढला, हरला. मिठावर किल्ला किती दिवस लढणार? सोनं, मोती, रत्नं देऊन तह झाला.

ही मिठाची गोष्ट मी रोज सांगतो आणि लोक हळहळतात. भाऊसाहेब हळहळले नाहीत. "गोदामाचा पंचनामा केला नव्हता," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "तहानंतर नाव कुणाचं राहिलं?"

नाव रामदेवरायाचंच राहिलं. खंडणी थकली तेव्हा १३०७ मध्ये मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला घेऊन गेला. तिथं अल्लाउद्दीननं त्याचा मानच केला, 'राय रायान' असा किताब देऊन परत पाठवलं. भाऊसाहेबांनी पेन थांबवलं. "म्हणजे जमीन कसणारा तोच, घर तेच, पण आता खंड भरायचा. मालकाचा कूळ झाला." शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी 'कूळ' लिहिलं. इतक्या वर्षांत मी हे 'मांडलिकत्व पत्करलं' अशा पुस्तकी शब्दांत सांगत आलो होतो. त्यांच्या एका शब्दानं शंकरदेवाचा रागही समजला: त्यानं खंड बंद केला, १३१३ मध्ये काफूरनं येऊन त्याला मारलं. पुढं रामदेवरायाचा जावई हरपाळदेव उठला. १३१८ मध्ये सुलतान मुबारक खलजी स्वतः आला आणि हरपाळदेवाची कातडी सोलून त्याला ठार केलं. नातू ऐकत होता म्हणून मी आवाज खाली आणला, पण ते पोरगं हत्ती हौदात दगड टाकण्यात गुंग होतं.

हत्ती हौदापासून आम्ही भारतमाता मंदिरात आलो. ऐसपैस अंगण, समोर खांबांची रांगच रांग. मुबारकशहाच्या काळातली ही जामा मशीद. खांब निरनिराळ्या देवळांतले, कोरीवकाम तसंच राहिलेलं. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात आल्यावर इथं भारतमातेची मूर्ती बसवली. त्या दिवशी तिथं तरुणांची दोन टोळकी वाद घालत होती: आधी काय होतं, नंतर काय होतं, खरं काय. आवाज चढला होता. असल्या वेळी गाईडनं काढता पाय घ्यावा हे शहाणपण मला धंद्यानं शिकवलंय. भाऊसाहेब मात्र सरळ मधे जाऊन उभे राहिले.

"पोरांनो, ताबा कुणाकडंय?"

"कशाचा ताबा, काका?"

"या जागेचा. बाहेर निळी पाटी वाचली नाही? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. चालू नोंद ती. आधीची नावं सातबाऱ्यावर खोडत नसतात, त्यांना कंस करतात. कंसातलं नाव वाचता आलं पाहिजे, म्हणून."

पोरं हसली की वरमली, सांगता येत नाही, पण पांगली. एकजण मागून येऊन आमच्यासोबतच चालायला लागला आणि शेवटपर्यंत फुकटात ऐकत राहिला.

तुघलकाची नोंद सगळ्यात सोपी जाईल असं मला वाटलं होतं. १३२७, महंमद तुघलक, देवगिरीचं दौलताबाद केलं, दिल्लीची राजधानी इकडं आणली, काही वर्षांत परत नेली. लोकांना यात वेडा महंमद हवा असतो. मी सांगतो की एवढ्या मोठ्या राज्याला मध्यावर राजधानी असावी हा विचार काही वेडेपणाचा नव्हता; माणसं उचलून आणायची रीत वाईट होती. त्या माणसांबरोबर सूफी आले, कारागीर आले; पलीकडच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा रुजला तो याच काळात, असं तिथले लोक सांगतात. भाऊसाहेबांना कागदाचं फार कौतुक वाटलं. निजामाच्या वेळची उर्दू पहाणी पत्रकं वाचता यावीत म्हणून ते नोकरीत उर्दू शिकले होते. "ते कागद अजून फाटत नाहीत," म्हणाले. "आपले संगणकाचे उतारे दोन पावसाळे टिकत नाहीत."

तुघलकाच्याच सरदारांनी बंड केलं. तो स्वतः वेढा घालून बसला, तेवढ्यात गुजरातेत दुसरं बंड उठलं म्हणून त्याला निघावं लागलं. ऑगस्ट १३४७ मध्ये हसन गंगूनं याच मशिदीत राज्याभिषेक करवून घेतला आणि बहमनी राज्य सुरू झालं. त्यानं राजधानी लगेच गुलबर्ग्याला हलवली. मालक एकीकडं, मिळकत दुसरीकडं. समोरचा चांदमिनार बहमन्यांचाच, १४४५ चा, साठ मीटरच्या वर उंच. पूर्वी वर जाता यायचं, आता बंद आहे. नातवाची त्यावरून बरीच कटकट झाली.

बहमनी मोडकळीला आली तेव्हाची नोंद ऐकून मात्र भाऊसाहेब बसलेच. किल्ला मलिक वजीह आणि मलिक अश्रफ या दोन भावांकडं होता. थोरल्यानं अहमद निजामशहाच्या बहिणीशी लग्न केलं. किल्ला आता सोयऱ्याच्या घशात जाणार या भीतीनं धाकट्यानं भावाला मारलं, त्याच्या तान्ह्या पोरालाही. अहमद निजामशहाला तट काही चढता येईना. मग तो सुगीच्या वेळी फौज पाठवून आसपासची पिकं उद्ध्वस्त करायचा. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर त्यानं अहमदनगर वसवलं, त्यामागं हा किल्लाही एक कारण होता. अखेर अश्रफ आजारानं मेला आणि १४९९ मध्ये शिबंदीनं, म्हणजे गडावरच्या फौजेनं, चाव्या आपणहून पाठवून दिल्या.

"भाऊबंदकी," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्या सज्जातली निम्मी प्रकरणं हीच."

काळाकोटाकडं चढताना त्यांचा दम लागला. चिनी महालाच्या सावलीत थांबलो. तिथं मी लखुजी जाधवांचं सांगितलं. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवतात. लखुजी निजामशाहीतले बडे सरदार, मधल्या काळात मोगलांकडं जाऊन परत आलेले. जुलै १६२९ मध्ये निजामशहानं त्यांना दरबारात बोलावलं आणि मुला-नातवासकट कापून काढलं, याच किल्ल्यात. लेक जिजाबाई तेव्हा गरोदर होती. सातेक महिन्यांनी शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले.

भाऊसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ वहीत काही लिहिलं नाही. मग म्हणाले, "ही वारसाची हरकत. नोंद नाही, पण फाईलला लागते." आणि पानाच्या कडेला समासात लखुजींचं नाव लिहिलं.

त्यानंतर चारच वर्षांत निजामशाहीही गेली. मलिक अंबरनं उभी हयात जी मोगलांपासून राखली, ती त्याच्या मुलाच्या, फतेहखानाच्या, हातून गेली. १६३३ मध्ये महाबतखानानं वेढा घातला. सुरुंग लावून अंबरकोट फोडला, महाकोट फोडला. पण पुढं खंदक, त्याच्यावर तासून सरळ उभा केलेला कडा आणि आत जायला एक अंधारी वाट. तिथं सुरुंगाचं काही चालत नव्हतं, चाललं ते उपासमारीचं. आत अन्न संपलं, रोगराई पसरली, फतेहखानानं वाटाघाट केली, पैसे घेतले, किल्ला दिला. अल्पवयीन निजामशहाला ग्वाल्हेरच्या तुरुंगात धाडलं.

"म्हणजे वरचा गड लढून कुणी घेतलाच नाही?" लेकीनं विचारलं. त्या बाई शाळेत गणित शिकवायच्या; मघापासून गप्प राहून हिशेब करत होत्या.

नाहीच. मिठानं गेला, फितुरीनं गेला, चाव्यांनी गेला, पैशानं गेला. गिरिदुर्ग म्हणून ज्या करामती आपण कौतुकानं दाखवतो, त्या सगळ्या दगडाच्या आहेत. कोठारात काय आहे आणि किल्लेदाराच्या मनात काय आहे, यावर त्यांचा इलाज नव्हता. मी हे तिथं बोललो तेव्हा माझ्या एरवीच्या बोलण्यातल्या निम्म्या गोष्टी मलाच पोकळ वाटायला लागल्या.

चिनी महालात औरंगजेबानं गोवळकोंड्याच्या शेवटच्या सुलतानाला, अबुल हसन तानाशहाला, १६८७ नंतर मरेपर्यंत कैदेत ठेवलं. तिथून मेंढा तोफ जवळच. तोफेवर फारसी अक्षरांत औरंगजेबाचं नाव आहे. भाऊसाहेबांनी ते बोट फिरवत स्वतः लावलं आणि नातवाला वाचून दाखवलं. त्या पोराला मगरीपेक्षा ते जास्त आवडलं. मी मग त्याला इब्न बतूता सांगितला: चौदाव्या शतकात इथल्या तळघरातल्या कैद्यांना मांजरांहून मोठ्या उंदरांशी झुंजावं लागे, असं त्यानं लिहून ठेवलंय. लगेच त्याला अंधारीत जायची घाई झाली.

अंधारी, वटवाघळांचा वास, गणपती, पुढं शहाजहानच्या वेळची बारादरी. त्याच्याही वर जनार्दनस्वामींचं स्थान. निजामशाहीच्या नोकरीत राहून इथला कारभार पाहणारे जनार्दनस्वामी आणि त्यांच्याकडं शिकायला आलेले पैठणचे एकनाथ. "यांना कुठं घालू?" असं विचारत भाऊसाहेबांनी स्वतःच मार्ग काढला: इतर हक्क. त्या रकान्यात लिहिलेलं नाव मालक बदलला तरी बहुधा तसंच पुढं येतं.

माथ्यावर वारा होता, पानं धरून शेवटच्या नोंदी उरकल्या. १७२४ नंतर निजाम. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर सदाशिवरावभाऊंनी दौलताबाद मिळवलं. पानिपतानंतर ते टिकलं नाही. १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईनंतर निजामानं पुन्हा देऊ केलं, आणि पेशवाईतल्या वारसाच्या भांडणात तेही दीड-दोन वर्षांत हवेत विरलं. इथं भाऊसाहेब अडून बसले. कागदावर दिलं पण ताबा पक्का झाला नाही, अशी नोंद ते प्रमाणित करायला तयार नव्हते. शेवटी 'प्रलंबित' लिहिलं. मग १७ सप्टेंबर १९४८, हैदराबादची शरणागती. १९५६ ला मुंबई राज्य. १९६० ला महाराष्ट्र. ही तिन्ही नावं त्यांनी एका दमात लिहिली.

उतरल्यावर लेकीनं पैसे दिले, पायथ्याशी सीताफळं घेतली, आणि मला वाटलं विषय संपला. काही दिवसांनी फोन आला. आवाजावरून ओळखलं.

"गाईडसाहेब, आता परांड्याचा किल्ला घेतलाय. मलिक-ए-मैदान तोफ तिथं होती, १६३२ मध्ये मुरार जगदेवानं विजापूरला नेली. तिची नोंद कुठं धरू? जंगम मालमत्ता सातबाऱ्यावर येत नाही."