एस्कॉर्ट, गांधीलमाशी आणि माझा फसलेला टँकर

आमच्या घरी एस्कॉर्टचा जुना ट्रॅक्टर होता. आजोबा त्याला 'एस्कॉट' म्हणायचे आणि दसऱ्याला बैलांच्या आधी त्याला हार घालायचे. साठच्या दशकात एस्कॉर्ट कंपनीनं पोलंडच्या उर्सूस कारखान्याशी करार करून ट्रॅक्टर बनवायला घेतले, एवढं मला ठाऊक होतं. मागच्या महिन्यात वाचताना कळलं की वॉर्सातला हाच उर्सूस कारखाना युद्धात जर्मनांच्या ताब्यात होता आणि १९४३ पासून तिथं फामो कंपनी स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या तोफगाड्या बनवत होती. नाव 'वेस्पे', म्हणजे गांधीलमाशी. सहाशेवर गाड्या निघाल्या. ज्यांचा देश बळकावला, त्यांच्याच कारखान्यात. मी औसा रोडला फॅब्रिकेशनचं शॉप चालवतो, त्यामुळं असलं काही सापडलं की माझी रात्र गेलीच म्हणून समजा.

जर्मनांची अडचण साधी होती. रणगाडे पुढं पळायचे, तोफा मागं राहायच्या. पायदळाच्या हलक्या हॉवित्झरला, म्हणजे गोळा उंच फेकणाऱ्या तोफेला, सहा घोडे लागायचे. १५ सेंटीमीटरची जड तोफ घोड्यांनी न्यायची तर दोन तुकड्यांत वेगळी करून न्यावी लागे. मग तोफ रणगाड्याच्या चेसीवरच बसवायची ठरली.

पहिला प्रयत्न बघून मला हसू आलं, कारण तसलं काम मी स्वतः केलेलं आहे. १९४० मध्ये अल्केट कंपनीनं सगळ्यात छोटा रणगाडा, पँझर एक, घेतला आणि त्यावर १५ सेंटीमीटरची पायदळी तोफ अख्खी चढवली. अख्खी म्हणजे चाकांसकट! भोवती तीन बाजूंनी पत्रा. सहा टनांची गाडी साडेआठ टनांवर गेली, उंची पावणेतीन मीटरच्या आसपास. अशा ३८ बनवल्या आणि त्या सारख्या बंद पडायच्या.

माझं असलं काम २०१६ चं. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हाचं. चाक असलेल्या प्रत्येक वस्तूवर लोकांना टाकी पाहिजे होती. एक गिऱ्हाईक जुना टेम्पो घेऊन आलं. म्हणालं, "चार हजार लिटरचीच बसवा, बारकी नको." चार हजार लिटर म्हणजे चार टन, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. वर मी पंप आणि त्याचं इंजिन केबिनमागं घेतलं, म्हणून टाकी मागच्या आसाच्याही मागं लोंबली. पहिल्याच फेरीला हरंगुळच्या अलीकडं चढावर पुढची चाकं उचलली. ड्रायव्हर सांगत होता, स्टिअरिंग पार मोकळं फिरायला लागलं. चाकं परत आपटली आणि मागचा कमान पाटा तुटला. टाकीचा सांधा उकलला, तशा रस्त्याकडेच्या बाया घागरी घेऊन धावल्या. ते पाणी तरी वाया गेलं नाही. पैसे मात्र मी परत केले.

म्हणून 'हुमेल' या नंतरच्या जर्मन तोफगाडीचं डिझाइन बघताना मी थबकलो. हुमेल म्हणजे भुंगा. नाव लढाईच्या गाडीला शोभत नाही म्हणून १९४४ मध्ये हिटलरनं ते काढून टाकायला लावलं. तर या भुंग्यावर १५ सेंटीमीटरची जड तोफ होती, घोड्यांना दोन तुकड्यांत न्यावी लागायची तीच. जर्मन रणगाड्यात इंजिन मागं आणि गिअरबॉक्स पुढं, मधे जवानांच्या पायाखालून लांब शाफ्ट. इथं त्यांनी पँझर चारची चेसी लांबवली, इंजिन उचलून मधोमध आणलं आणि त्याच्या डोक्यावर तोफ बसवली. वजन मधे आलं, शाफ्ट आखूड झाला, मागची जागा मोकळी झाली. तिथं उभं राहून माणसं ४३ किलोचा गोळा भरायची. इंजिन मधे गेल्यावर गार कसं होणार? दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या काढल्या. माझ्या डोक्यात पंप मधे घ्यायचं आलं असतं तर!

सगळंच जमलं असंही नाही. वरून उघडी, पावसात ताडपत्री. तोफेभोवतीचा पत्रा जेमतेम १० मिलिमीटर, किरचा अडवण्यापुरता. दौलताबादला मेंढा तोफ बुरुजावर खुंट्यावर फिरते, पण जागा सोडत नाही. हुमेल कुठंही जाते, पण तोफ डावीउजवीकडं पंधरा-पंधरा अंशच फिरते. त्यापुढं नेम धरायचा तर अख्खी गाडी वळवायची.

गोळे मावायचे फक्त १८. म्हणून बिनतोफेची हुमेल गोळे वाहायला सोबत ठेवायची. तोफेच्या जागी नुसता पत्रा मारलेला आणि वेळ पडली तर तिच्यावरच तोफ चढवता येई. हा विचार मला सगळ्यात आवडला. तोफा कुणावर चालल्या ते आठवलं की आवडणं जरा आवरतं घ्यावं लागतं.

आमचा एस्कॉट आजोबांच्या मागं भंगारात गेला. जालन्याच्या एखाद्या भट्टीत त्याची सळई झाली असणार. बॉनेटचं एक पान तेवढं मी काढून ठेवलेलं. ते आता शॉपमध्ये वेल्डिंगच्या टेबलामागं उभं आहे, ठिणग्या अडवायला.